वाजवणाराही कामगारच

(एका जंक्शनवरील रेल्वे व टपाल कामगारांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या अभ्यासवर्गाचा विषय 'महामारी आणि श्रमिक' असा ठेवला आहे. माझ्याआधीच्या वक्त्यांनी बांधकाम मजुरांबद्दल, घरकाम करणाऱ्या भगिनींबद्दल आणि आपल्याच गाड्या धुणाऱ्या कंत्राटी कामगारांबद्दल सांगितले. तुम्ही कोणता धंदा घेणार, असे संयोजकांनी मला विचारले, तेव्हा मी म्हणालो की मी वादकांबद्दल बोलेन, आणि तेही अमेरिकेतल्या जॅझ संगीताच्या वादकांबद्दल. संयोजक जरा गप्पच झाले. निवृत्ती जवळ आल्यावर सेक्रेटरींना हा काय नवा नाद लागला, असे त्यांना वाटले असणार. पण हा नाद नवा नाही. तो कुठून लागला ते आधी सांगतो, म्हणजे पुढचे बोलणे अधांतरी वाटणार नाही.

माझे वडील भुसावळच्या लोको शेडमध्ये फिटर होते. आम्ही रेल्वे कॉलनीत वाढलो. शेजारच्या क्वार्टरमध्ये एक गोवेकर गार्ड राहात. आम्ही पोरे त्यांना गार्डकाका म्हणत असू. ते सॅक्सोफोन वाजवीत. नाताळला आणि नव्या वर्षाला रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये अँग्लो-इंडियन आणि गोवेकर कुटुंबांचा नाच होई, त्याला बँड लागे, आणि त्या बँडमध्ये गार्डकाका असत. आम्ही बाहेरून खिडकीच्या गजांना लटकून बघायचो. लुई आर्मस्ट्राँग या काळ्या अमेरिकन ट्रंपेटवाल्याचा घोगरा आवाज मी पहिल्यांदा त्यांच्याच घरी तबकडीवर ऐकला. शब्द एकही कळला नाही, पण माणूस मनापासून गातो आहे एवढे पोरालाही कळले. १९३० नंतरच्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात अमेरिकेतले काळे वादक येऊन राहिले होते, त्यांच्याबरोबर वाजवता वाजवता आपल्या गोव्याची मुले शिकली आणि पुढे हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात गेली, हे मला गार्डकाकांनी सांगितले. चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड, सेबॅस्टियन डिसोझा ही नावे संगीत दिग्दर्शकांच्या नावामागे झाकली गेली, पण त्यांचे काम आपण सर्वांनी रेडिओवर ऐकले आहे.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला माणूस. संगीतातले शास्त्र मला कळत नाही. पण वेतन, काम आणि संघटना या तीन गोष्टी मला थोड्याफार कळतात. त्या अंगानेच मी बोलणार आहे.

जॅझ म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. न्यू ऑर्लिन्स हे अमेरिकेच्या दक्षिणेकडचे बंदराचे शहर. गुलामगिरीतून सुटलेल्या काळ्या लोकांच्या वस्त्यांत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे संगीत आकाराला आले. एक ठरलेली चाल असते. ती सर्वांनी मिळून वाजवायची. मग एकेकाने पुढे येऊन त्या चालीवर तिथल्या तिथे आपल्या मनाची भर घालायची आणि बाकीच्यांनी त्याला साथ द्यायची. आपल्याकडे तमाशात सवाल-जवाब रंगतो, किंवा भजनात एखादे बुवा अभंगाची एकच ओळ घेऊन ती परोपरीने आळवतात, त्यातला हा प्रकार समजा. कागदावर लिहिलेले थोडे, समोरासमोर घडणारे जास्त. म्हणून समोर ऐकणारा नसेल तर हे संगीत अर्धेच राहते.

या संगीताचे आपल्या खात्याशीही नाते आहे. १९२२ च्या ऑगस्टमध्ये आर्मस्ट्राँग न्यू ऑर्लिन्स सोडून शिकागोला गेला तो रेल्वेने. दक्षिणेतले लाखो काळे लोक त्या काळात असेच रुळांवरून उत्तरेच्या कारखान्यांत पोट भरायला गेले आणि आपले संगीत बरोबर घेऊन गेले. पुलमन कंपनीच्या झोपण्याच्या डब्यांत काम करणारे काळे पोर्टर तबकड्या आणि वर्तमानपत्रे गावोगाव पोचवीत. त्याच पोर्टरांनी १९२५ मध्ये ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली युनियन काढली आणि बारा वर्षे झगडून १९३७ मध्ये कंपनीला करारावर सही करायला लावली. तेव्हा हा विषय अगदीच परका नाही.

आता वादकाच्या वेतनाकडे येऊ. अमेरिकेत एका रात्रीच्या वाजवण्याच्या कामाला 'गिग' म्हणतात. शंभर वर्षांपूर्वीही हा शब्द तिथल्या वादकांच्या तोंडी होता. आज आपल्याकडे मोटारसायकलवरून जेवण पोचवणाऱ्या पोराला 'गिग कामगार' म्हणतात, आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हा शब्द आला आहे. पण मराठी माणसाला हा व्यवहार समजावून सांगायची गरज नाही. आपल्याकडे त्याला सुपारी म्हणतात. बँडवाल्याची सुपारी, तमाशाच्या फडाची सुपारी. सुपारी मिळाली तर चूल पेटली. नाही मिळाली तर कोणाला जाब विचारायचा? मालक एक नसतो, रोज वेगळा असतो. हजेरीपट नाही, रजा नाही, आजारपणाचा पगार नाही.

आपल्यातल्या रनिंग स्टाफला हे लगेच कळेल. गाडी धावली तर किलोमीटर भत्ता, नाही धावली तर नाही. पण त्या भत्त्याच्या खाली आपला मूळ पगार उभा असतो. वादकाचा सगळा संसारच किलोमीटर भत्त्यावर चालतो, खाली मूळ पगार नाही. मग एके दिवशी सगळ्या गाड्या एकदम उभ्या राहिल्या तर काय होईल?

२०२० च्या मार्चमध्ये तेच झाले. १२ मार्चला न्यूयॉर्कची ब्रॉडवेची नाटकगृहे बंद झाली. १६ मार्चला रात्री बार आणि खानावळी बंद करण्याचा हुकूम निघाला आणि त्याबरोबर शहरातले सगळे जॅझ क्लब अंधारात गेले. व्हिलेज व्हॅनगार्ड हा तळघरातला क्लब १९३५ पासून चालू होता, महायुद्धातही चालू होता. तोही बंद झाला. न्यू ऑर्लिन्समध्ये २५ फेब्रुवारीला मार्डी ग्राचा उत्सव नेहमीच्या गर्दीत पार पडला होता. दोन आठवड्यांत तिथे पहिला रुग्ण सापडला, आणि पाठोपाठ ते शहर देशातल्या सर्वांत जास्त झळ लागलेल्या शहरांपैकी एक झाले. तिथला जॅझ फेस्टिव्हल १९७० पासून दरवर्षी भरत आला होता. तो २०२० ला भरला नाही, २०२१ लाही भरला नाही. तिथल्या कितीतरी वादकांची वर्षाची बेगमी त्या वसंतातल्या दिवसांवर अवलंबून असते.

आपल्याकडची तारीख आठवा. २५ मार्च २०२० ला गुढीपाडवा होता आणि देशभरच्या टाळेबंदीचा तो पहिला दिवस होता. पाडव्याच्या सुमारास नारायणगावला तमाशाच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पुढारी येतात आणि चैत्र-वैशाखातल्या जत्रांच्या सुपाऱ्या ठरतात. न्यूयॉर्कचा सॅक्सोफोनवाला आणि नारायणगावचा ढोलकीवाला एकमेकांना ओळखत नाहीत. पण त्या दहा-बारा दिवसांत दोघांचाही हंगाम एकाच कारणाने बुडाला.

दुसरी गोष्ट अशी की या धंद्यात रोगाचा धोका कामातच होता. ट्रंपेट, सॅक्सोफोन, क्लॅरिनेट फुंकून वाजवायचे असतात. तोंडाला पट्टी बांधून ते वाजवता येत नाही. १० मार्च २०२० ला अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात एका गायनमंडळाची तालीम झाली. ६१ माणसे आली होती, त्यांतली ५३ आजारी पडली आणि दोन दगावली. ते जॅझचे मंडळ नव्हते, पण बंद खोलीत एकत्र गाणे किती महाग पडू शकते हे त्या घटनेने जगाला कळले. पुढे शाळांतले वादक वाद्याच्या तोंडावर कापड बांधून तालीम करू लागले. ज्या फुंकीवर पोट भरायचे, तीच फुंक शेजाऱ्याला घातक ठरली.

आणि माणसे गेली. वॉलेस रोनी हे ट्रंपेटवादक, मोठ्या माईल्स डेव्हिसने ज्यांना हाताशी धरून शिकवले होते, ते ३१ मार्चला गेले. वय ५९, म्हणजे आपल्यातल्या अनेकांच्या बरोबरीचे. दुसऱ्याच दिवशी, १ एप्रिलला, न्यू ऑर्लिन्सचे पियानोवादक एलिस मार्सालिस ८५ व्या वर्षी गेले आणि त्याच दिवशी गिटारवादक बकी पिझारेली ९४ व्या वर्षी गेले. १५ एप्रिलला सॅक्सोफोनवादक ली कोनिट्झ आणि बासवादक हेन्री ग्राइम्स गेले. त्याआधी पॅरिसला मूळचे कॅमेरूनचे मनू दिबांगो गेले. सगळे त्याच आजाराने.

वय झालेली माणसे होती, असे कोणी म्हणेल. पण ही विद्या पुस्तकातून येत नाही, म्हाताऱ्याच्या शेजारी बसून येते. एलिस मार्सालिस स्वतः वाजवीत, पण त्यांची खरी कमाई त्यांच्या शिष्यांत होती. विन्टन आणि ब्रॅनफर्ड हे त्यांचे मुलगे आणि टेरेन्स ब्लँचार्डसारखे विद्यार्थी आज जगभर नावाजलेले आहेत. शेडमध्ये एखादा जुना मिस्त्री गेला की त्याच्याबरोबर इंजिनाच्या आवाजावरून दोष ओळखण्याची कलाही जाते, तसेच हे आहे. त्यात न्यू ऑर्लिन्सची रीत अशी की वादक गेला तर त्याला बँड लावून, शेकडो लोकांच्या मिरवणुकीने पोचवायचे. त्या एप्रिलमध्ये तिथे गर्दीला बंदी होती. ज्यांनी जन्मभर दुसऱ्यांच्या अंत्ययात्रेत वाजवले, ते बँडवाचून गेले. आपलेही किती सहकारी त्या दोन वर्षांत गेले, आणि आपण खांदा द्यायलाही जाऊ शकलो नाही. ते दुःख तुम्हाला मी सांगायला नको.

साथीचा आणि वादकाचा हा पहिला सामना नव्हता. १९१८ च्या इन्फ्लुएन्झात आपल्या देशात एक कोटीहून अधिक माणसे मेली. तेव्हा न्यू ऑर्लिन्समध्येही नाचघरे बंद झाली. सतरा वर्षांचा आर्मस्ट्राँग त्या वेळी खेचराच्या गाडीतून घरोघर कोळसा पोचवी आणि रात्री वाजवी. रात्रीचे वाजवणे बंद झाले. मिळेल ते काम करावे लागले आणि भोवतालच्या आजारी माणसांची शुश्रूषाही करावी लागली, असे त्याने आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. दुसरे उदाहरण आपल्या देशातले. ताजमहाल हॉटेलात बँड चालवणारा टेडी वेदरफर्ड हा नामांकित अमेरिकन पियानोवादक पुढे कलकत्त्याला गेला आणि १९४५ मध्ये तिथे पटकीने मेला. वय होते अवघे ४१.

आता मदतीचा प्रश्न. संघटनेच्या दृष्टीने हा भाग महत्त्वाचा आहे, तेव्हा जरा लक्ष द्या.

अमेरिकेत बेकारभत्ता आहे, पण तो पगारपत्रकावर नाव असणाऱ्याला. सुपारीवर जगणाऱ्याला नाही. २७ मार्च २०२० ला तिथे जो मदतीचा कायदा झाला त्यात प्रथमच अशा लोकांनाही बेकारभत्ता लागू झाला आणि वर जुलैअखेरपर्यंत सर्व बेकारांना आठवड्याला ६०० डॉलर जादा मिळाले. यामुळे अनेक वादकांची घरे तगली, हे मान्य केले पाहिजे. पण त्यातही गोम होती. समजा एखाद्या वादकाने वर्षातून थोडे दिवस एखाद्या शाळेत पगारावर शिकवले आणि बाकी मोठी कमाई क्लबांतून केली. तर त्याचा भत्ता त्या शाळेच्या छोट्या पगारावरून मोजला गेला. मोठी कमाई हिशेबातच आली नाही. ही चूक डिसेंबर २०२० मध्ये थोडीशी दुरुस्त झाली, तीही आठवड्याला १०० डॉलर देऊन.

त्याच डिसेंबरात क्लब, नाटकगृहे आणि सभागृहे वाचवण्यासाठी १५०० कोटी डॉलरची तरतूद झाली. छोट्या क्लबांच्या मालकांनी महामारी सुरू होताच देशभराची संघटना बांधली होती आणि सरकारपुढे आपली बाजू चिकाटीने मांडली होती. संघटना केली म्हणून पदरात पडले. अर्ज घेण्याची यंत्रणा ८ एप्रिल २०२१ ला सुरू झाली आणि त्याच दिवशी कोलमडली, असेही झाले. पण अखेर पैसे आले. ते आले मात्र जागेच्या नावाने. जागेत वाजवणाऱ्याच्या नावाने नव्हे.

इथे एक जुनी गोष्ट सांगतो. न्यूयॉर्कच्या वादकांची युनियन आहे, लोकल ८०२. ती अमेरिकन फेडरेशन ऑफ म्युझिशियन्सची शाखा, आणि ते फेडरेशन १८९६ चे. महामारीच्या दहा-पंधरा वर्षे आधी या युनियनने क्लबमालकांबरोबर मिळून राज्य सरकारकडे खटपट केली की तिकिटावरचा विक्रीकर माफ करा, म्हणजे वाचलेल्या पैशातून वादकांच्या पेन्शन फंडात भरणा करता येईल. कर माफ झाला. पेन्शनचा भरणा मात्र झाला नाही. युनियनने त्यासाठी मोहीम चालवली, क्लबांसमोर पत्रके वाटली. पण बोलणी तोंडी होती, मालकांच्या सह्या कागदावर नव्हत्या. बंधूंनो, आपण इतकी वर्षे करारातला शब्द न् शब्द का भांडून घेतो, त्याचे उत्तर या गोष्टीत आहे. महामारी आली तेव्हा सत्तरीतले, ऐंशीतले वादक पेन्शनवाचून होते.

ज्यांना कोणी नव्हते त्यांना आपापसातल्या निधींनी हात दिला. जॅझ फाउंडेशन ऑफ अमेरिका ही संस्था १९८९ पासून म्हाताऱ्या, आजारी वादकांचे भाडे, औषधपाणी बघते. न्यू ऑर्लिन्समध्ये वादकांसाठी १९९८ पासून खास दवाखाना आहे. आणि लुई आर्मस्ट्राँगने आपल्या हयातीत जो न्यास करून ठेवला होता, त्याने २०२० मध्ये दहा लाख डॉलर बाजूला काढून न्यूयॉर्क परिसरातल्या जॅझ वादकांना हजार-हजार डॉलर वाटले. एका साथीत कोळशाची गाडी हाकणाऱ्या पोराची पुंजी शंभर वर्षांनी दुसऱ्या साथीत आपल्या भाऊबंदांच्या उपयोगी पडली. दानाचे मोल मी कमी करीत नाही. पण हजार डॉलरमध्ये न्यूयॉर्कला एका महिन्याचे घरभाडेही भागत नाही.

२०२० च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्क राज्याने एक नियम काढला. खानावळी काही अटींवर उघडल्या होत्या. नियम असा की तिथे संगीत चालेल, पण ते आनुषंगिक असले पाहिजे. माणूस जेवायला आला आणि कोपऱ्यात कोणी वाजवीत असले तर हरकत नाही. संगीतासाठी तिकीट लावायचे नाही, जाहिरात करायची नाही. गर्दी टाळण्याचा हेतू बरोबर असेल. पण ज्याने तीस वर्षे रियाज केला त्याला कागदावर लोणच्याच्या फोडीइतकी किंमत मिळाली.

आता ऐकणाऱ्यांकडे वळतो, कारण आपण बहुतेक सगळे त्याच बाजूचे आहोत. घरात कोंडलेल्या लोकांना संगीताची गरज कमी झाली नव्हती, वाढली होती. न्यू ऑर्लिन्सच्या एका लोकवर्गणीवर चालणाऱ्या रेडिओ केंद्राने बंद पडलेल्या फेस्टिव्हलच्या दिवसांत मागच्या वर्षांची ध्वनिमुद्रणे लावली आणि लोकांनी घराच्या ओट्यावर बसून फेस्टिव्हल साजरा केला. न्यूयॉर्कचे स्मॉल्स नावाचे छोटे क्लब आणि पुढे व्हिलेज व्हॅनगार्ड यांनी रिकाम्या जागेतून थेट प्रक्षेपण सुरू केले. माझ्या मुलाने मला ते मोबाईलवर लावून दिले. तिथे संध्याकाळचे सात म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात पहाटेचे साडेचार. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी मी उठून बसे. गार्डकाकांच्या खिडकीला लटकणारा मी, न्यूयॉर्कच्या तळघरात पोचलो होतो. पण एक गोष्ट फार लागली. वादक जीव तोडून वाजवी, शेवटचा सूर संपे, आणि मग काहीच नाही. टाळी नाही, 'वा' नाही. वादक आपसात एकमेकांकडे बघून मान हलवीत आणि पुढची चाल धरीत. रिकाम्या मांडवात कीर्तन करणाऱ्या बुवांसारखे ते दिसे.

आणि मी ते फुकट बघत होतो, हेही सांगितले पाहिजे. घरी बसून संगीत ऐकणाऱ्यांची सोय झाली, पण मोबाईलवरून एक गाणे एकदा ऐकले की वादकाच्या वाट्याला सेंटाचा काही अंश येतो. आपल्या हिशेबात काही पैसे. काही ऐकणाऱ्यांनी मात्र जबाबदारी ओळखली. बँडकॅम्प नावाच्या संगीत विकणाऱ्या कंपनीने २० मार्च २०२० ला एक दिवस आपला वाटा सोडला. त्या एका दिवसात ऐकणाऱ्यांनी ४३ लाख डॉलरची खरेदी केली. पुढे मेपासून असा शुक्रवार महिन्यातून एकदा होऊ लागला. यांतल्या तबकड्या आणि सीड्या घरोघर कोणी पोचवल्या? आपल्या टपाल खात्यातल्या बंधूंना उत्तर ठाऊक आहे. टाळेबंदीत आपले पोस्टमन औषधे आणि पेन्शनचे पैसे घेऊन फिरत होते, तसेच जगभरचे पोस्टमन फिरत होते.

यंत्रावर वाजलेल्या संगीताचे पैसे वाजवणाऱ्याला मिळावेत, हे भांडण जुने आहे. १ ऑगस्ट १९४२ ला जेम्स पेट्रिलो यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकेतल्या वादकांच्या फेडरेशनने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला. तबकडी वाजली की बँडचे काम जाते, तेव्हा तबकडीमागे काही रक्कम आमच्या निधीत द्या, ही मागणी. युद्धाचा काळ, राष्ट्राध्यक्षांनी स्वतः बहिष्कार मागे घेण्याची विनंती केली, तरी वादक हटले नाहीत. दोन वर्षांहून जास्त टिकले. १९४४ च्या नोव्हेंबरात शेवटच्या मोठ्या कंपन्याही नमल्या आणि त्या निधीतून लोकांसाठी मोफत कार्यक्रम होऊ लागले, वादकाला काम मिळू लागले. आज तबकडीच्या जागी मोबाईल आला आहे. तो लढा पुन्हा लढावा लागणार आहे, आणि महामारीने त्याची निकड दाखवली आहे.

२ एप्रिल २०२१ ला न्यूयॉर्कमध्ये एक-तृतीयांश प्रेक्षकांसह कार्यक्रमांना परवानगी मिळाली. व्हिलेज व्हॅनगार्ड त्या वर्षाच्या सप्टेंबरात उघडला. न्यू ऑर्लिन्सचा फेस्टिव्हल २०२२ च्या एप्रिलअखेरीस पुन्हा भरला. पण सगळे परत आले नाही. न्यूयॉर्कचा जॅझ स्टँडर्ड हा नावाजलेला क्लब भाड्याचा तिढा न सुटल्याने डिसेंबर २०२० मध्येच आपली ती जागा सोडून गेला होता. काही वादक शहर सोडून गेले, काहींनी दुसरे काम धरले.

आता माझी स्वतःची एक गोष्ट सांगून संपवतो. ती सांगायला जड जाते, पण अभ्यासवर्गात खोटे बोलायचे नसते.

आमच्या शाखेची १ मेची मिरवणूक दरवर्षी बँड लावून निघते. त्या बँडमध्ये एक क्लॅरिनेटवाले होते. पन्नाशीचे, बारीक अंगाचे. आम्ही सांगू ते गाणे उन्हात तीन-तीन तास वाजवीत. सुपारीची घासाघीस करायला दरवर्षी मीच बसत असे. पाचशे रुपये कमी केले की कार्यकारिणीत माझी वाहवा होई. २०२० ला मिरवणूक निघाली नाही. आपला पगार येत होता. जानेवारी २०२० ते जून २०२१ या अठरा महिन्यांचे महागाई भत्त्याचे तीन हप्ते गोठवले गेले. त्याविरुद्ध आपण निवेदने दिली, निदर्शने केली, ते बरोबरच केले, आणि त्या थकबाकीची मागणी आपण सोडलेली नाही. आम्ही धान्याची पाकिटेही वाटली. स्टेशनबाहेरचे हमाल, रिक्षावाले, फेरीवाले यांची यादी केली. यादी माझ्या हाताने लिहिली होती. तीत एकाही बँडवाल्याचे नाव नव्हते. मुद्दाम वगळले नाही. आठवणच झाली नाही. ते कामगार आहेत हे माझ्या डोक्यातच कधी आले नव्हते.

२०२२ च्या एप्रिलमध्ये मिरवणुकीसाठी मी त्यांच्या गल्लीत गेलो. क्लॅरिनेट पहिल्याच वर्षी विकले होते. ते एका सोसायटीत रात्रीचे पहारेकरी झाले होते. रागावले नाहीत. मला खुर्ची दिली, चहा दिला. मग म्हणाले, "साहेब, तेव्हा कोणी वाजवायला नाही, नुसते विचारायला जरी आले असते, तरी विकायला दोन महिने थांबलो असतो." मला उत्तर देता आले नाही. त्या वर्षी आम्ही लाउडस्पीकर लावून मिरवणूक काढली. घोषणा तेवढ्याच दिल्या, पण माझे घोषणांकडे लक्ष नव्हते.

म्हणून मी तीन सूचना मांडतो. त्या तुमच्या शाखेत चर्चेला घ्याव्यात.

पहिली. युनियनच्या कोणत्याही कार्यक्रमाला वादक, गायक, शाहीर बोलावला तर दर आणि अटी लेखी असाव्यात, आगाऊ रक्कम द्यावी, आणि कार्यक्रम आपल्याकडून रद्द झाला तर निम्मी सुपारी त्याला मिळावी. आपण मालकाकडे जे मागतो ते आपण मालक असताना आधी द्यावे.

दुसरी. आपल्या स्टेशनच्या आणि पोस्टाच्या हद्दीतल्या बँडवाल्यांची, वाजंत्र्यांची, ऑर्केस्ट्रावाल्यांची यादी करावी. असंघटित कामगारांसाठी ऑगस्ट २०२१ पासून ई-श्रम नोंदणी सुरू झाली आहे. ती करून द्यायला मदत करावी, आणि त्यांना एकत्र बसवून त्यांची स्वतःची संघटना उभी राहील असे बघावे. पुढची साथ नोटीस देऊन येणार नाही. यादी आधी तयार असली पाहिजे.

तिसरी सूचना ऐकणाऱ्यांसाठी, म्हणजे तुमच्या-माझ्यासाठी. जे फुकट ऐकतो त्यातले वर्षातून एकदा तरी पैसे देऊन ऐकू. आपल्या इन्स्टिट्यूटच्या हॉलमध्ये वर्षातून एक कार्यक्रम तिकीट लावून, गावातल्याच वादकांचा करू. आणि तिथे टाळी वाजवायला कंजुषी करू नये.

पुलमनचे पोर्टर डब्यांतले बिछाने घालीत होते, तरी तबकड्या पोचवून त्यांनी वादकाचा आवाज देशभर नेला. आपणही माणसे आणि पत्रे पोचवणारे लोक आहोत. वादक आपल्यापासून दूरचा नाही. तो आपल्याच मिरवणुकीत पुढे चालतो आणि आपण त्याच्या मागून चालतो. पुढच्या १ मेला त्या क्लॅरिनेटवाल्यांना वाद्य घेऊन देण्याचा ठराव आमच्या शाखेने केला आहे. वर्गणी चालू आहे. माझे नाव यादीत पहिले आहे आणि रक्कम मी इथे सांगणार नाही, कारण ते दान नाही, थकबाकी आहे.



कामगार एकजुटीचा विजय असो!